सतरावा दिवस, चौदावा आठवडा, सदतिसावा महिना: एका नाळरक्त प्रत्यारोपणाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. इव्हॉन ब्रायसन यांनी एका वैद्यकीय परिषदेत एका रुग्ण बाईंची माहिती मांडली आणि बातमी जगभर गेली: एचआयव्हीतून सुटलेली पहिली स्त्री. बाईंचं नाव जाहीर झालेलं नाही. वैद्यकीय लेखनात त्यांना ‘न्यूयॉर्क पेशंट’ म्हणतात. बातम्यांचा सगळा भर एका दुर्मीळ जनुकबदलावर होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. पण रक्तविकारांच्या वॉर्डात वावरलेलं कुणी हे प्रकरण वाचायला घेतं तेव्हा आधी वेगळाच प्रश्न पडतो. मोठ्या माणसाला नाळेतल्या रक्ताचं प्रत्यारोपण केलं, आणि तरी बाई सतराव्या दिवशी घरी गेल्या, हे जमलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर जनुकात नाही. प्रत्यारोपणानंतर कोणत्या पेशी कधी परत येतात, आणि मधल्या काळात रुग्णाला कोण सांभाळतं, यात ते आहे. मला हे प्रकरण त्याचसाठी मोलाचं वाटतं.

रुग्ण आणि निर्णय

बाई मध्यमवयीन, मिश्र वंशाच्या. २०१३ मध्ये एचआयव्हीचं निदान झालं, औषधं सुरू झाली, विषाणू आटोक्यात राहिला. मार्च २०१७ मध्ये ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल हा रक्ताचा कर्करोग निघाला. तोही उलटण्याचा धोका जास्त असलेल्या प्रकारातला. अशा रुग्णाचा आजार केमोथेरपीने मागे हटला तरी नुसत्या केमोवर भिस्त ठेवता येत नाही. रक्त बनवणारा सगळा कारखानाच बदलावा लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय केंद्रात डॉ. कोएन व्हान बेसिएन आणि डॉ. जिंगमेई शू यांच्या चमूने प्रत्यारोपण केलं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी, कारण व्हॉट्सॲपवर ती नेमकी उलटी होऊन फिरते. हे प्रत्यारोपण कर्करोगासाठी झालं. एचआयव्ही रोजच्या गोळ्यांनी वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. त्याच्यासाठी कुणी शहाणा डॉक्टर रुग्णाचा बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगज, उद्ध्वस्त करणार नाही.

दाता कोण, हा पुढचा पेच. पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं त्यांना एचएलए म्हणतात. सख्ख्या भावाबहिणीशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते नसेल तर नोंदणीतले अनोळखी दाते. पण त्या नोंदण्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा मोठा, त्यामुळे मिश्र वंशाच्या माणसाला तिथे जोड मिळणं अवघड जातं. भारतीय वंशाच्या रुग्णांचीही हीच अडचण होते, मग ते पुण्यात असोत की न्यू जर्सीत. नाळेतलं रक्त इथे कामी येतं. एचएलएच्या सहा खुणांपैकी चार जुळल्या तरी ते चालतं, कारण बाळाच्या टी पेशी, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, अजून कशालाच सरावलेल्या नसतात आणि परक्या शरीरावर तुटून पडण्याचं प्रमाण कमी राहतं. या तुटून पडण्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, थोडक्यात जीव्हीएचडी म्हणतात.

ही पिशवी आणखी एका कारणाने खास होती. पेशीत शिरताना एचआयव्हीला सीडी-४ या दाराखेरीज आणखी एक कडी लागते, बहुतेक वेळा सीसीआर-५ नावाची. काही लोकांच्या सीसीआर-५ जनुकातले ३२ घटक गळालेले असतात. आई आणि वडील दोघांकडून हा बदल आला तर कडी पेशीवर उगवतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे साधारण शंभरात एक. भारतात अगदीच विरळा. २०१५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास सुरू झाला होता: कर्करोगासारख्या आजारासाठी प्रत्यारोपण लागणाऱ्या २५ एचआयव्हीबाधितांना शक्यतो असं रक्त द्यायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. या बाई त्यातल्या एक.

पिशवी किती मोठी?

नाळेतल्या रक्ताचं सगळं दुखणं हिशेबात आहे. बाळ जन्मलं, नाळ कापली, की वार आणि नाळेत उरलेलं रक्त गोळा करतात, साधारण शंभर मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं पाणी आणि तांबड्या पेशी काढून टाकल्या की जेमतेम २०-२५ मिलिलिटर उरतं. ते डीएमएसओ नावाच्या रसायनासोबत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला ठेवतात. द्यायच्या दिवशी पिशवी कोमट पाण्यात वितळवतात आणि शिरेतून काही मिनिटांत चढवून मोकळे होतात. नातेवाइकांना वाटतं, एवढंच? त्यानंतर बराच वेळ रुग्णाच्या श्वासातून लसणासारखा वास येत राहतो. तो डीएमएसओचा. खोलीत पाऊल टाकताच कळतं की इथे गोठवलेल्या पेशी चढवल्या आहेत.

आता आकडे. दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक. दहा किलोच्या मुलाला २५ कोटी पुरतात. साठ किलोच्या बाईंना १५० कोटी हव्यात. पिशवी तेवढीच. म्हणून मुलाला जी पिशवी भरभरून पुरते ती मोठ्या माणसाला काठावर पुरते किंवा पुरतच नाही. बोन मॅरोतून मिळणाऱ्या पेशी याच्या साधारण दहापट असतात.

पहिलं यश लहान मुलातच मिळालं, यात म्हणून नवल नाही. ऑक्टोबर १९८८, पॅरिसचं सेंट लुई रुग्णालय, डॉ. एलियान ग्लुकमन. फॅन्कोनी ॲनिमियाचा पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा आणि त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त. ते इंडियानात डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवलं होतं आणि तिथून पॅरिसला नेलं. मुलगा बरा झाला. मोठ्यांच्या बाबतीत गाडी अडली ती याच हिशेबावर.

अडते म्हणजे काय होतं? प्रत्यारोपणाआधीच्या औषधांनी जुना मॅरो रिकामा केलेला असतो. नव्या मूळपेशी, म्हणजे पुढे सगळं रक्त बनवणाऱ्या पेशी, हाडांत जाऊन रुजेपर्यंत रक्तात पांढऱ्या पेशी नसतातच म्हटलं तरी चालेल. न्यूट्रोफिल या जंतूंशी आधी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर राहिल्या की ‘ग्राफ्ट लागला’, म्हणजे दिलेल्या पेशी रुजल्या, असं वॉर्डात म्हणतात. प्रौढ दात्याच्या रक्तातून काढलेल्या मूळपेशी असतील तर याला दोनेक आठवडे लागतात. एकट्या नाळरक्ताला तीन ते चार आठवडे. हा जादाचा एक-दोन आठवड्यांचा काळ कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात रोज सकाळी रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ‘०.१’ (म्हणजे जेमतेम शंभर), रोज संध्याकाळी ताप, एकामागून एक बदलली जाणारी अँटिबायोटिक्स आणि फुप्फुसात बुरशी शिरेल की काय ही धास्ती, असे ते दिवस असतात. दहातल्या एखाद-दोघांत ग्राफ्ट लागतच नाही.

सतरावा दिवस

न्यूयॉर्कच्या चमूने या खड्ड्यावर फळी टाकली. नाळरक्तासोबत बाईंच्या एका नातेवाइकाच्या मूळपेशीही दिल्या. निम्मं एचएलए जुळणारा दाता म्हणून याला हॅप्लो म्हणतात आणि दोन्ही मिळून ‘हॅप्लो-कॉर्ड’. व्हान बेसिएन शिकागोत असल्यापासून या पद्धतीवर काम करत होते. तिच्यात नातेवाइकाच्या पेशींतल्या टी पेशी गाळून टाकतात, फक्त मूळपेशी ठेवतात. प्रौढाच्या पेशी संख्येने भरपूर, त्यामुळे त्या झपाट्याने न्यूट्रोफिल बनवू लागतात. दहा-अकरा दिवसांत ५०० चा आकडा ओलांडला जातो. नव्या शिक्षिका रुजू होईपर्यंत वर्ग सांभाळणाऱ्या बदली शिक्षकासारखं हे काम आहे. वर्ग सांभाळायचा, कायमचं बसायचं नाही.

कायमचं न बसण्याची तजवीज गाळणीतच झालेली असते. नातेवाइकाच्या टी पेशी काढलेल्या, नाळरक्तातल्या मात्र तशाच ठेवलेल्या. दोन परकी रक्तं एका शरीरात आली की झुंज लागतेच, आणि ज्या बाजूला टी पेशी आहेत ती बाजू तगते. नाळरक्त हळूहळू हॅप्लोच्या पेशींना बाहेर काढतं. मला ही या पद्धतीतली सगळ्यात चतुर गोष्ट वाटते, कारण इथे औषधाने काहीच करावं लागत नाही.

बाई सतराव्या दिवशी घरी गेल्या त्या बहुतांशी या उसन्या न्यूट्रोफिलच्या जोरावर. त्या दिवशी त्यांच्या अंगात स्वतःची म्हणावी अशी प्रतिकारशक्ती जवळपास नव्हती, आणि घरच्यांना हे समजावून सांगणं हे डिस्चार्जच्या वेळचं अवघड काम असतं. कार्डावर पांढऱ्या पेशी चार हजार दिसल्या की सगळ्यांना हायसं वाटतं. पण त्या चार हजारांत कोण आहे हे कार्ड सांगत नाही.

चौदावा आठवडा

ते सांगते कायमेरिझमची चाचणी. दर थोड्या आठवड्यांनी रक्तातला डीएनए तपासून कोणाचा वाटा किती ते काढतात: रुग्णाचा, नातेवाइकाचा, बाळाचा. बाईंच्या बाबतीत चौदाव्या आठवड्याला उत्तर आलं, १०० टक्के नाळरक्त. पुढे चार वर्षांहून जास्त काळ ते तसंच राहिलं.

आता मालकी बदलली. तरी मालक बदलणं वेगळं आणि प्रतिकारशक्ती उभी राहणं वेगळं. प्रतिकारशक्तीच्या पेशी एका रांगेत, एका वेगाने येत नाहीत. न्यूट्रोफिलच्या मागोमाग एक-दोन महिन्यांत एनके पेशी येतात. नाळरक्तानंतर त्या चांगल्याच जोरात येतात. त्यांना आधीची ओळख लागत नाही, संशयित पेशी दिसली की मारतात. कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींविरुद्ध सुरुवातीचा पहारा त्यांचाच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तीन ते सहा महिन्यांनी दिसू लागतात आणि वर्षभरात कधीकधी नेहमीपेक्षाही जास्त होतात. मात्र टी पेशींच्या मदतीशिवाय त्यांची प्रतिपिंडं कच्चीच राहतात.

घोडं अडतं ते टी पेशींपाशी. प्रौढ दात्याच्या रक्तासोबत त्याच्या आयुष्यभराच्या आठवणी येतात. सायटोमेगॅलोव्हायरस, कांजिण्यांचा विषाणू, एपस्टाइन-बार, ज्यांना ज्यांना त्याने तोंड दिलं त्या सगळ्यांना ओळखणाऱ्या टी पेशी रुग्णाला आयत्या मिळतात. बाळ कुणालाच भेटलेलं नसतं. त्याच्या टी पेशींची पाटी कोरी. जीव्हीएचडी कमी होण्याचं कारण हेच आणि पहिल्या काही महिन्यांत विषाणूंपुढे रुग्ण उघडा पडण्याचं कारणही हेच. नाळरक्तानंतर सायटोमेगॅलो, ॲडिनोव्हायरस आणि मेंदूला सूज आणणारा एचएचव्ही-६ यांची भीती म्हणून जास्त. सायटोमेगॅलोला रोखणारं लेटरमोव्हिर हे औषध अमेरिकेत मंजूर झालं नोव्हेंबर २०१७ मध्ये, या बाईंच्या प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांनी. आपल्याकडे तर बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात सायटोमेगॅलो लहानपणापासून दबून बसलेला असतो, त्यामुळे भारतीय रुग्णाला नाळरक्त देताना हा मुद्दा मागच्या बाकावर ठेवता येत नाही.

भरीला एटीजी. ग्राफ्ट फेटाळला जाऊ नये म्हणून हॅप्लो-कॉर्डच्या ठरलेल्या पद्धतीत फ्लुडाराबिन आणि मेल्फलान या केमोच्या औषधांसोबत हे औषध देतात. ते टी पेशी मारतं. पण ते रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, आणि पिशवीतून नुकत्याच आलेल्या बाळाच्या टी पेशींनाही सोडत नाही. मात्रा थोडी जास्त झाली की सीडी-४ पेशींचं परतणं काही महिने लांबतं. कमी झाली तर ग्राफ्ट धोक्यात. नाळरक्त वापरणाऱ्या केंद्रांत या एका औषधावर जेवढा खल झाला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्यावर झाला असेल.

सदतिसावा महिना

टी पेशी परत येण्याच्या दोन वाटा. पहिली झटपट: पिशवीतून आलेल्या थोड्या टी पेशी रक्तात दुप्पट-चौपट होत जातात. संख्या वाढते, विविधता वाढत नाही. दुसरी वाट सावकाश, पण खरी तीच. नव्या मूळपेशींची पिल्लं छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात, तिथे शिकतात, परीक्षा देतात आणि नव्या टी पेशी म्हणून बाहेर पडतात. मध्यमवयात थायमस आक्रसून चरबीने भरलेली असते. तरी ती पूर्ण मेलेली नसते.

थायमसमधून ताज्या पेशी निघताहेत का, हे मोजायची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक टी पेशी आपला ओळखयंत्राचा जनुक बनवताना डीएनएचा एक तुकडा कापून टाकते. तो तुकडा वर्तुळ होऊन पेशीतच पडून राहतो. त्याला ट्रेक म्हणतात. पेशी दुभागली तरी वर्तुळाची नक्कल होत नाही, ते एकाच लेकीकडे जातं. म्हणजे ज्या रक्तात ट्रेक भरपूर, तिथे थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशी भरपूर. नाळरक्त मिळालेल्या प्रौढांत वर्षभर ट्रेक जवळपास दिसत नाहीत, मग एक ते दोन वर्षांच्या दरम्यान वर चढू लागतात. जीव्हीएचडी झाला तर तो थायमसलाच मारतो आणि हे सगळं आणखी लांबतं. न्यूयॉर्कच्या बाईंना तो झाला नाही. त्यांच्या सुधारणेत याचा वाटा मोठा असणार, असं मी समजतो.

या सगळ्या काळात एचआयव्हीची औषधं चालूच होती. त्यातही मेख असते: रिटोनाव्हिरची जोड असलेली जुनी औषधं टॅक्रोलिमसची (जीव्हीएचडी रोखायला दिल्या जाणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी भलतीच वाढवतात, म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णाला सहसा इंटिग्रेज रोखणाऱ्या गटातली औषधं देतात. आणि औषधं चालू ठेवणं भागच होतं. सुरुवातीला अंगात जुन्या सीडी-४ पेशी शिल्लक असतात, हॅप्लो नातेवाइकाच्या पेशींवरही कडी शाबूत असते. विषाणूला चरायला कुरण मोकळंच.

सदतिसाव्या महिन्यात, म्हणजे २०२०च्या शरद ऋतूत, औषधं थांबवली. तोवर जुन्या पेशींत दडून बसलेल्या विषाणूचे साठे तपासले होते, पुन्हा पुन्हा. पुढच्या वर्षभरात, आणि मार्च २०२३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात शोधनिबंध छापून आला तेव्हाही, विषाणू परतलेला नव्हता. औषधं थांबवून तेव्हा सुमारे अडीच वर्षं लोटली होती.

त्या निबंधातल्या एका निष्कर्षाकडे बातम्यांचं लक्ष गेलं नाही. बाईंच्या रक्तातली एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं नाहीशी झाली. ज्या चाचणीवर २०१३ मध्ये निदान झालं असेल, तीच आता निगेटिव्ह. एचआयव्हीला ओळखणारा टी पेशींचा प्रतिसादही गेला. बाळाच्या पेशींना हा विषाणू कधी भेटलाच नव्हता आणि आता भेटायला उरला नव्हता. रक्त किती मुळापासून बदललं याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. हीच गोष्ट गोवर आणि धनुर्वातालाही लागू पडते. लहानपणी घेतलेल्या लशींची आठवणही अशा रुग्णात पुसली जाते, म्हणून प्रत्यारोपणानंतर सहा-बारा महिन्यांनी सगळं लसीकरण नव्याने सुरू करावं लागतं आणि गोवरासारख्या जिवंत लशींना किमान दोन वर्षं थांबावं लागतं.

आता दुसरी बाजू. बार्सिलोनात याआधी, २०१२ मध्ये, लिम्फोमा हा कर्करोग झालेल्या एका एचआयव्हीबाधित पुरुषाला असंच सीसीआर-५ बदलाचं नाळरक्त दिलं होतं, भावाच्या पेशींची जोड देऊन. नव्या पेशी रुजल्या, विषाणूही मागे हटत होता. तीन महिन्यांत लिम्फोमा उलटला आणि रुग्ण दगावला. पद्धत तीच, जनुकबदल तोच. कर्करोगाने मुदत दिली नाही. न्यूयॉर्कची कहाणी सांगणाऱ्याने ही सांगायचं टाळू नये.

आपल्याकडच्या घरांत हे प्रकरण कसं वाचायचं?

एचआयव्हीबाधितांसाठी यात आज घेण्यासारखं काही नाही. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. जे.जे. किंवा ससूनच्या एआरटी केंद्रातून दर महिन्याला गोळ्या नेणारा माणूस पूर्ण आयुष्य जगू शकतो, आणि ते या उपचारापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

पण बाळंतपणाच्या आधी नाळरक्त बँकेचं माहितीपत्रक हातात पडलेल्या जोडप्यांनी एक तपशील पाहावा. या बाईंना वाचवणारी पिशवी त्यांच्या घरातली नव्हती. कुणा अनोळखी बाळाच्या आईबापांनी ती देऊन टाकली होती आणि हवी तेव्हा शोधून ती सापडली. स्वतःच्या बाळाचं रक्त स्वतःसाठी ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. ल्युकेमियात तर स्वतःचं नाळरक्त वापरायला डॉक्टरच कचरतात, कारण आजाराचं बीज त्यातच असू शकतं. घरातल्या एखाद्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार आधीपासून असेल आणि पुढचं भावंड येणार असेल तर गोष्ट वेगळी. त्या वेळी रक्त जरूर ठेवावं, आणि रक्तविकारतज्ज्ञाला आधी विचारून ठेवावं.

दरम्यान नाळरक्ताचा वापर बऱ्याच ठिकाणी ओसरला आहे. प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देऊन निम्मं जुळणारे नातेवाईक थेट दाते म्हणून चालतात, तेही कमी खर्चात. भारतातल्या बहुतेक केंद्रांनी तीच वाट धरली आहे. नाळरक्ताच्या बाजूने आलेलं नवं म्हणजे ओमिडुबिसेल: निकोटिनमाइड वापरून प्रयोगशाळेत वाढवलेल्या नाळरक्ताच्या पेशी. अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. चाचणीत न्यूट्रोफिल १२ दिवसांत आले, साध्या नाळरक्ताने २२ दिवस घेतले, आणि जंतू-बुरशीचे गंभीर संसर्गही कमी झाले. म्हणजे सतराव्या दिवसाचं काम आता नातेवाइकाशिवायही होऊ शकतं. थायमसकडून जी मुदत लागते ती मात्र अजून तेवढीच लागते.